ओव्याच्या अर्काची तक्रार

पाथरी,
मार्गशीर्ष शु. १४, शके १८६०

रा. रा. माधवराव यांसी,
दत्तोपंताचा नमस्कार.

पत्राच्या माथ्यावर श्री लिहिलेले नाही. सुमनचे वर्ष सरेपर्यंत या घरातून जाणाऱ्या कुठल्याही पत्रावर ते नसेल. दहावा, तेरावा व्यवस्थित पार पडला. तुम्ही तिसऱ्या दिवशी झरीला परत गेलात, त्यामुळे पुढचे तुम्ही पाहिले नाही.

तुमच्या भाचीबद्दल लिहीत आहे. पद्माच्या मानेवर गजकर्ण उठले होते. त्यासाठी गेले चार महिने तुम्ही ओव्याचा अर्क पाठवत होता आणि सुमन तो रोज संध्याकाळी तिला लावत होती. उतार पडत होता, हे मी नाकारत नाही. सुमन तापाने पडल्यापासून औषध राहून गेले होते, ती गेल्यावरही पाच दिवस कोणाला सुचले नाही. खाज इतकी वाढली की मुलगी मान ओरबाडून घेऊ लागली. सहाव्या दिवशी कमलआक्काने तुमच्याच बाटलीतला अर्क कापसाच्या बोळ्याने तिला लावला. आक्का माझी थोरली बहीण, सुमन आजारी पडल्यापासून तीच घर सांभाळते. पोर किंचाळली. आक्काला वाटले, औषध झोंबायचेच. थोड्या वेळात मान लालबुंद झाली, दिवेलागणीला फोड आले आणि दुसऱ्या दिवशी झंपर काढताना कापडाबरोबर कातडी निघाली. डाव्या कानामागून गळ्यापर्यंत, माझ्या तळहाताएवढी.

आता खपली गळून खाली पांढरा डाग दिसतो आहे. मुलींच्या शाळेत तिला वेगळ्या पाटावर बसवतात. शेजारच्या बाई आक्काला म्हणाल्या, "कोड तर नव्हे ना हो? आमची पोरगी मांडीला मांडी लावून बसायची हिच्या, म्हणून विचारायले." आक्काने त्यांना काय उत्तर दिले ते मी लिहीत नाही.

मी एकच विचारतो. या बाटलीत तुम्ही काय घातले होते? जे औषध चार महिने मुलीला मानवले, तेच पाचव्या महिन्यात कातडी सोलते, याचा अर्थ काय लावायचा? परक्याच्या घरी पाठवताना माणूस चुकेल एखादे वेळी. ही बाटली बहिणीच्या घरी यायची होती.

उत्तर ताबडतोब पाहिजे.

दत्तोपंत


झरी,
मार्गशीर्ष व. ६

रा. रा. दत्तोपंत यांसी,
माधवचा नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा फक्त पद्माचे वाचले. दुसऱ्यांदा तुमचे शब्द वाचले, आणि तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर मी उत्तर दिले नसते.

बाटलीत काय होते ते सांगतो. ओवा होता. दुसरे काही नाही. इथल्याच रानातला, माझ्या डोळ्यांसमोर पाखडलेला. तो ठेचून पाण्यात घालायचा, भट्टीवर चढवायचा, वाफ नळीतून गार पाण्याच्या घंगाळात न्यायची आणि वर जो तेलाचा तवंग येतो तो पिसाने टिपून घ्यायचा. पायलीभर ओव्यातून मुठीत मावेल एवढी बाटली भरते. चिमूटभर ओवा दाताखाली आला तर जीभ चुरचुरते. इथे सगळ्या पायलीचे तिखट एका बाटलीत असते. म्हणूनच तो तसाच्या तसा कातडीला कधी लावत नाहीत. वाटीभर तिळाच्या तेलात दहा थेंब, त्याहून अकरावा नाही. हे मी प्रत्येक बाटलीच्या गळ्याला चिठ्ठी बांधून लिहीत असतो. सुमनला ते तोंडपाठ होते. आक्कांनी किती थेंब घेतले? कशात घेतले? तुमच्या एवढ्या लांब पत्रात हे कुठेच नाही.

या तेलाने झरीच्या निम्म्या गावाची खरूज गेली. चिखलात राबणाऱ्या माणसांच्या बोटांमधल्या चिखल्या बऱ्या झाल्या. आजवर एकाचीही कातडी सोलली नाही. आणि नेमक्या माझ्या भाचीला मी विष पाठवीन?

बहिणीच्या घराचे तुम्ही काढलेत म्हणून मीही काढतो. सुमनला ताप भरल्याचे मला सातव्या दिवशी कळवलेत. मी आलो तेव्हा ती मला ओळखत नव्हती. मी त्याबद्दल अवाक्षर काढले नाही, तिथेही नाही आणि परतल्यावरही नाही.

सटवाजीबरोबर शंभर पाण्यांनी धुतलेले तूप पाठवत आहे. तो माझ्याकडे भट्टी लावतो, भरवशाचा आहे. तूप डागावर हलक्या हाताने दोन वेळा लावावे. ऊन लागू देऊ नये. एवढे माझ्यासाठी नको, मुलीसाठी करा.

माधव


पाथरी,
मार्गशीर्ष व. १३

रा. रा. माधवराव यांसी,

सटवाजी आला होता. तूप त्याच्याच हाती परत पाठवले आहे. या घरात तुमच्या हातचे आता काही लावले जाणार नाही.

चिठ्ठीचे तुम्ही लिहिता. बाटली माझ्यासमोर मेजावर आहे. तिच्या गळ्याला चिठ्ठी नाही, दोरा नाही, दोरा असल्याची खूणही नाही. मी अठरा वर्षे मुलांना शिकवतो आहे. पाटी कोरी असताना लिहिली होती म्हणून सांगणारी मुले मी रोज पाहतो.

आक्काने औषध नेहमीप्रमाणेच लावले. त्यात विचारण्यासारखे काही नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डाग पाहून विचारले, "तेजाब गिरा था क्या?" परक्या माणसाला जे पाहताक्षणी दिसले ते मला दिसायला नको होते का? मी परभणीला कचेरीत अर्ज केला आहे. झरी येथील वैद्य माधवराव हे ओव्याच्या अर्कात तेजाब मिसळून विकतात, त्यामुळे माझी अकरा वर्षांची मुलगी भाजली, तरी चौकशी होऊन भट्टी बंद करण्यात यावी, असा मजकूर आहे. उर्दूत मीच लिहिला. दुसऱ्याकडून लिहवून घेतला असे तुम्हाला वाटायला नको.

सुमनच्या तापाचे तुम्ही काढलेत. ते दिवस कसे गेले हे मला विचारा, मग बोला.

दत्तोपंत


झरी,
पौष शु. १०

दत्तोपंत,

नमस्कार लिहिण्याइतके मन आज मोठे नाही.

परवा कचेरीची माणसे आली होती. भट्टीच्या तोंडाला, नळीला, घंगाळाला लाखेची मोहोर लावून गेली. अकरा बाटल्या पंचनामा करून नेल्या. कोणी उद्धटपणा केला नाही, मी त्यांना दोष देत नाही. अर्ज आला की चौकशी करणे त्यांचे कामच आहे. पण बाहेर सगळे गाव उभे होते. ज्याच्या दोन्ही पायांच्या चिखल्या मी गेल्या पावसाळ्यात बऱ्या केल्या तो मुंजाजी सटवाजीला म्हणत होता, "आता कळलं, एवढी आग का व्हायची ते." सटवाजीने त्याला विचारले, "मग आग होऊन पाय बरा झाला का न्हाई?" तो म्हणाला, "झाला की. पण तेजाबानं झाला म्हणं."

तेव्हापासून माझ्या ओट्यावर माणूस चढलेला नाही. काल एक बाई खरजेचे लेकरू घेऊन दारापर्यंत आली आणि आत न येता वळली. लेकरू खाजवत होते. मी हाक मारली तर तिने पाऊल उचलले. माझ्या वडिलांपासून हे काम चालत आले आहे. ते तुमच्या एका कागदाने बुडाले, आणि त्या कागदावर जे लिहिले आहे ते खोटे आहे.

चिठ्ठी गळून पडली असेल. दोरा कुजतो. त्यावर मला वाद घालायचा नाही.

पुन्हा तेच विचारतो. अर्क कोणत्या तेलात मिसळला? तीळ, करडई, खोबरेल, कोणते? दोन पत्रांत तुम्ही याचे उत्तर दिले नाहीत. शाळेत एखाद्या मुलाने दोनदा प्रश्न चुकवला तर तुम्ही काय समजता?

माधव


पाथरी,
पौष व. २

ती. माधवमामांस पद्माचा शिरसाष्टांग नमस्कार.

सटवाजीकाका बाजाराच्या दिवशी शाळेपाशी भेटले. तुमची चिठ्ठी दिली. मी लगेच उत्तर लिहिते. काका झाडाखाली थांबले आहेत. ते म्हणाले, "सावकाश लिव्ह, मला काय घाई न्हाई, बैल चरायलेत."

तुम्ही विचारलं, आई औषध कसं लावायची अन् आक्काआत्याने कसं लावलं. आई वाटीत तिळाचं तेल घ्यायची. मग काडीने अर्काचे थेंब सोडायची आणि ते मी मोजायचे. एकदा मी मुद्दाम नऊवरून अकरा म्हणाले तर आईने सगळी वाटी ओतून दिली आणि पुन्हा केली. रागावली नाही, पण पुन्हा केली.

आई गेल्यावर आमच्या घरी सुतक होतं. सुतकात तेल लावत नाहीत, फोडणीसुद्धा नव्हती. मला खूप खाजवत होतं. आत्या म्हणाली, लावू का औषध? मी म्हणाले, तेल लागतं त्यात. आत्या म्हणाली, तेल कसं घेऊ, घरात सुतक आहे. मग ती नानांना विचारायला गेली. मी पण मागे गेले. नाना शाळेत जात नव्हते, घोंगडीवर बसले होते. ते म्हणाले, "औषधाला सुतक नसतं. तेलाला असतं. तेल नको, नुसतं औषध लावा." मी म्हणाले, नाना, आई तेलात घालायची. त्यांनी ऐकलं नाही असं वाटलं म्हणून पुन्हा म्हणाले. तेव्हा नाना म्हणाले, "आईला जाऊन सहा दिवस झाले नाहीत, आणि तुला तेल सुचतंय?"

मग आत्याला म्हणाले, लाव.

मामा, आत्याची चूक नाही. ती आता रोज माझ्याजवळ निजते. डाग दुखत नाही. मुली म्हणतात कोड आहे. मी म्हणते, भाजलंय. त्या म्हणतात, कशाने? मग मला नानांचं नाव सांगता येत नाही आणि तुमचं सांगायचं नसतं.

मी लिहिलं हे नानांना कळवू नका. ते जेवत नाहीत नीट.

तुमची
पद्मजा


झरी,
पौष व. ९

रा. रा. दत्तोपंत यांसी,
माधवचा नमस्कार.

अर्क कोणत्या तेलात मिसळला, हे आता मी विचारणार नाही. मला कळले आहे. कसे कळले ते तुम्ही विचारू नये, आणि ज्याच्यावर संशय येईल त्याला एक शब्दही बोलू नये. बोललात असे माझ्या कानावर आले तर मी स्वतः पाथरीला येईन.

हे कळल्यावर पहिल्यांदा काय वाटले ते लपवत नाही. वाटले, कचेरीत जावे आणि चारचौघांत सांगावे की ज्याने अर्ज केला त्यानेच तेल बंद केले होते. सटवाजीला बैल जुंपायलाही सांगितले. पंधरा दिवस माझ्या तोंडावर तेजाब, तेजाब म्हणून लोक बोलतात, आणि तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आक्कांनी नेहमीप्रमाणे लावले, असे तुम्ही मला लिहिलेत. ज्या हाताने मुलांना गिरवायला शिकवता त्याच हाताने लिहिलेत.

मग बैल सोडायला सांगितले. कारण मीही एक खोटे लिहिले आहे.

चिठ्ठी गळून पडलेली नाही. मी बांधलीच नव्हती. पहिल्या दोन बाटल्यांना बांधली. तिसरी भरली तेव्हा म्हटले, सुमनला सगळे माहीत आहे, तिला काय लिहून द्यायचे. तिला माहीत होते हे खरे. पण बाटली तिच्यामागे उरेल, हे माझ्या मनात आले नाही. दर वेळी चिठ्ठी बांधायची, ओळखीचे असो की परके, हा वडिलांचा दंडक होता, आणि तो मी बहिणीच्या बाबतीत मोडला. पहिल्या पत्रात मी "प्रत्येक बाटलीला" असे लिहिले तेव्हाच मला ते आठवत होते.

हे पत्र तुम्ही कचेरीत दाखवू शकता. बिनचिठ्ठीची बाटली पाठवली, एवढ्यावर तुमचा अर्ज उभा राहील. तेजाबाचे तेवढे खोडा. बाकी जे व्हायचे ते होऊ द्या. मी सहीनिशी लिहून देत आहे.

पद्माला तूप लावू द्या. नाव माझे सांगू नका, हवे तर विकत आणले म्हणा.

माधव


पाथरी,
माघ शु. ५

ती. माधवराव यांसी,
दत्तोपंताचा साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मिळाल्यावर मला राग आला. तो कशाचा, हे समजायला दोन दिवस लागले. तुम्ही मला पळवाट करून दिलीत, आणि ती मला हवी होती, त्याचा तो राग होता.

मी कोणालाही काही बोललो नाही. पण पद्माला मी विचारले, मामांना तू लिहिलेस का? ती म्हणाली, "हो." मग म्हणाली, "आता रागवा." मी रागावलो नाही. तेवढा अधिकार मला उरला नव्हता.

सुतकाचे मी कोणाला समजावून सांगणार नव्हतो, पण तुम्हाला सांगतो. आक्काने विचारले तेव्हा मी नीट विचार करून सांगितले असे नाही. मला एवढेच कळत होते की सुमनसाठी जे पाळायचे ते पाळले पाहिजे, त्यात तसूभर कमी पडता कामा नये. ती असताना तिच्यासाठी मी काही केले नाही. चार महिने ती माझ्यासमोर ओसरीवर बसून वाटीत थेंब सोडत होती, मुलगी मोजत होती, आणि मी वह्या तपासत होतो. आकडे कानावर येत होते. दहा म्हणून झाले की गोंगाट थांबला, एवढेच मला वाटायचे. ते कशात घालतात हे मी पाहिले नाही. पाहिले असते तर मुलीने दोनदा सांगायची वेळ आली नसती.

मुलीची कातडी निघालेली पाहिली तेव्हा मला लगेच कळले होते. लगेच. आणि त्याच दिवसापासून मी तुमच्या बाटलीत काय होते याचा शोध घेऊ लागलो. अर्ज लिहिताना तेजाब हा शब्द आला की माझा हात हलका व्हायचा. तुमच्या ओट्यावर माणूस चढत नाही हे वाचूनही मी पंधरा दिवस गप्प बसलो. याला काय म्हणतात ते मला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

परवा परभणीला गेलो. पद्माला बरोबर नेले, कारण कचेरीने मुलीला समक्ष पाहायचे म्हणून लिहिले होते. मानवत रोडपर्यंत बैलगाडीने आणि पुढे रेल्वेने गेलो. तिने पहिल्यांदाच रेल्वे पाहिली, पण डागावर पदर धरून बसली होती, खिडकीबाहेर फारशी पाहत नव्हती. समोरच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "पोरी, झाकायलीस कशाला, वारं लागू दे, लवकर बरं होईल." तिने पदर काढला. मला हे सुचले नव्हते.

कचेरीत पेशकारांनी माझा अर्ज मोठ्याने वाचला. माझेच उर्दू, चांगले लिहिलेले होते. बाहेर ओळखीचे दोघे-तिघे उभे होते. मग त्यांनी तुमच्या अकरा बाटल्यांचा अहवाल वाचला. तेजाब निघाले नाही. ते म्हणाले, मग मुलगी कशाने भाजली? तुमचे पत्र माझ्या खिशात होते. ते काढून पुढे ठेवले असते तर दोष निम्मा झाला असता, आणि निम्मा दोष माणूस मान ताठ ठेवून घेऊ शकतो. मी ते काढले नाही. मी सांगितले की हा अर्क तेलात मिसळून लावायचा असतो, आमच्या घरी तो नुसता लावला गेला. ते म्हणाले, तेल का नाही घेतले? मी सुतकाचे सांगितले. त्यांना ते लिहून घ्यायला वेळ लागला. मग त्यांनी विचारले, "तेल को मना किसने किया था?"

मी म्हणालो, "मैंने."

त्यांनी लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिले. "मास्टर होके?"

त्यांनी अर्जाखाली लिहिले आणि माझी सही घेतली. आठ दिवसांत मोहोर काढायचा हुकूम झरीला येईल. हे पत्र पोहोचेपर्यंत आलाही असेल. त्या हुकमाची नक्कल मी मागून घेतली आहे, ती सोबत आहे. चावडीवर सर्वांसमोर वाचायला सांगा. मुंजाजी नावाच्या ज्या माणसाबद्दल तुम्ही लिहिलेत त्याच्यासमोर तर नक्की वाचा. त्यात माझे नाव आहे, ते गाळू नका. एवढे करूनही तुमच्या दारातून वळलेली ती बाई परत येईल की नाही, मला सांगता येत नाही. ते लेकरू अजून खाजवत असेल, हे मनातून जात नाही.

तुम्ही सुमनच्या तापाबद्दल लिहिलेत. सातव्या दिवशी कळवले, कारण सहा दिवस मी म्हणत होतो की उद्या उतरेल. हेही मीच म्हणत होतो.

पद्मा कचेरीत बाकावर बसली होती. तिला उर्दू येत नाही. पायऱ्या उतरताना तिने विचारले, "नाना, ते काय विचारायले होते? अन् तुम्ही काय सांगितलं?" तेव्हा मला ते सगळे मराठीत पुन्हा सांगावे लागले. कचेरीत सांगणे त्यापेक्षा सोपे गेले होते.

दत्तोपंत